धरणावरची हजेरी

१

धरणाच्या पायथ्याशी झिरपणारं पाणी मी रोज सकाळी काचेच्या बरणीत भरते आणि उजेडाला धरून बघते. जॅमची जुनी बरणी आहे, झाकण कधीच हरवलंय. पाणी नितळ दिसलं की तिथेच ओतून द्यायचं, घरी जायचं आणि कोको करून प्यायचा. मातीचं धरण म्हटलं की ते झिरपणारच. म्हाताऱ्या माणसाच्या डोळ्याला पाणी येतं, तसं. पण बरणीत गढूळ पाणी आलं तर समजायचं की धरणाच्या पोटातली माती निघाली. मग कोको विसरायचा आणि खालच्या लोकांना हाका मारत सुटायचं. वडिलांनी मला एवढंच शिकवलं. त्यांच्यामागे मी सॉरेल ओढ्याचं पाणी सोडणारी पाटकरी झाले आणि आजवर एवढ्यावरच निभावलं.

खालचे लोक म्हणजे माझी धाकटी बहीण आफ्टन. तशी तिच्याही पलीकडे शहरातल्यांची नवी घरं झालीत, पण ती फक्त उन्हाळ्यात उघडतात. आफ्टन बारा महिने तिथे असते. आमच्या आईचं घर ते. तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आभाळ दिसत नाही, धरणाची हिरवी पाठ दिसते. तिचं कंबरेचं हाड मोडून नीट बसलं नाही, डावा पाय ओढत चालते. पळायची वेळ आली तर ती पळू शकणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि तिलाही.

गेल्या पानगळीत सरकारी इंजिनिअर आला. क्विस्ट नाव. सभ्य माणूस, बूट चिखलात घालायला मागेपुढे न बघणारा. त्यानं पायथ्याच्या ओल्या जागेत अंगठा रुतवला आणि बराच वेळ तसाच उकिडवा बसून राहिला.

"बाई, हे धरण म्हातारं झालंय," तो म्हणाला.

"मीही झालेय. माझ्याकडे कुणी बघायला येत नाही."

"तुमच्या खाली कुणी राहत नाही ना."

मग त्यानं सांगितलं की आता याचं काहीतरी केलंच पाहिजे. मालकानं दुरुस्त करावं, नाहीतर मालकानं सावकाश फोडून पाणी सोडून द्यावं. दोन्ही गोष्टी मालकानंच करायच्या. "मालक कोण आहे?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, आम्ही अकरा घरं. त्यानं मान डोलावली, पण त्याला ते पटलेलं दिसलं नाही.

२

आमच्याकडे पाण्याची कंपनी होती. कंपनी म्हटल्यावर कुणाला वाटेल कचेरी, खुर्च्या, शिपाई. तसलं काही नाही. ज्या अकरा घरांच्या पणज्यांनी घोडे जुंपलेल्या फावड्यांनी माती ओढून हा भराव घातला, त्या अकरा घरांचे हिस्से. माती दाबायला त्या काळी यंत्रं नव्हती, म्हणून मेंढरांचे कळप भरावावरून मागेपुढे हाकत. हजारो खुरांनी ती माती अशी दाबून टाकली की पहारीला दाद देत नाही.

त्याची आठवण म्हणून दर वसंतात पहिल्या पाण्याचा दिवस असे. सगळी घरं धरणाच्या माथ्यावर जमत, मेंढरं एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेत. मेंढरं या खोऱ्यातून गेली त्याला जमाना झाला. मग आम्हीच पाय आपटत चालायचो. "मेंढरं संपली, आता आपला नंबर," असं थेन ऑलरेड दरवर्षी म्हणायचा आणि दरवर्षी त्याची बायको एकटीच हसायची. थेन म्हणजे आमचा अध्यक्ष, पहिल्या हिश्श्याचा धनी. चालून झालं की पाणी सोडायच्या लोखंडी चाकापाशी उभं राहून पाटकऱ्यानं हजेरी घ्यायची. एकेका घरधन्याचं नाव पुकारायचं आणि ज्याचं नाव त्यानं म्हणायचं, "ओ, धरलंय," म्हणजे धरणाचा माझा वाटा मी सांभाळतोय. सगळ्यात शेवटी पाटकऱ्यानं स्वतःचं नाव घेऊन स्वतःच ओ द्यायची. मग चाक फिरवायचं.

वडिलांचा एक दंडक होता. घेतलेलं नाव मोकळं राहता कामा नये. घरधनी तापानं फणफणलेला असला तर त्याची बायको त्याची टोपी घेऊन यायची आणि टोपी छातीशी धरून ओ द्यायची. असं का, ते वडिलांनी सांगितलं नाही. आम्हीही कधी विचारलं नाही.

क्विस्ट येऊन गेल्यावर चर्चच्या हॉलमध्ये बैठक झाली. आफ्टनचा हिस्सा नव्हता, तो मोठी म्हणून माझ्याकडे आला होता. पण ती चीज घालून भाजलेले बटाटे घेऊन आली आणि मागच्या बाकावर बसली. थेननं शहरातल्या एका वकिलाला गाठलं होतं. त्या उंटावरच्या शहाण्यानं सांगितलं होतं, कंपनी मोडून टाका. मालकच नाही म्हटल्यावर सरकार दुरुस्ती कुणाच्या गळ्यात मारणार?

"म्हणजे धरण कुणाचं?" मी विचारलं.

"कुणाचंच नाही," थेन म्हणाला. "आपण हात झटकायचे. फक्त एक करायचं, यापुढे चाकाला कुणी हात लावायचा नाही. ज्यानं चाक फिरवलं त्यानं मालकी कबूल केली, असं वकील म्हणतो. मग त्याचं शेत, घर, सगळं त्या धरणापायी जाईल."

"तळे राखील तो पाणी चाखील, असं म्हणायचात तुम्ही पुरुष," आफ्टन मागून म्हणाली. "इतकी वर्षं चाखलंत. आता राखायची वेळ आली तर कानावर हात."

"तुझा हिस्सा नाही, आफ्टन. तुला बोलता येत नाही."

"बरोबर. माझा हिस्सा नाही, पत्ता तेवढा आहे. बटाटे गार होतायत, खाऊन घ्या."

अकराही हात वर गेले. त्यात माझाही होता. शेवटी माझ्याकडेही फक्त एक शेत आहे. परतताना आफ्टनला मी गाडीतून घरी सोडलं. दारात उतरताना तिनं माझ्या खांद्यावर थोपटलं, ते मला शिवीपेक्षा जास्त लागलं.

३

त्या वसंतात पहिल्या पाण्याचा दिवस झाला नाही. डोंगरावरचं बर्फ वितळायला लागलं, ओढा फुगला आणि चाक बंदच असल्यामुळे तळं भरत चाललं. अकरा घरांतला प्रत्येक जण येता-जाता पाण्याकडे बघायचा आणि मान वळवायचा. मी मात्र बरणी घेऊन रोज जात होते. बघायला मालकी लागत नाही, असं मी थेनला सुनावलं होतं.

एका सकाळी बरणी भरायला नेहमीपेक्षा फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी त्याहून जास्त. पाणी नितळ होतं, अगदी झऱ्याचं असावं असं, पण कमी कमी होत होतं. आणि एक दिवस झिरपाच थांबला. वर तळं चढतंय आणि खाली पायथा कोरडा ठणठणीत. जी ओली जागा माझ्या जन्माआधीपासून ओली होती, तिथलं गवत सपाट झोपलं होतं, पाय देऊन देऊन झोपवल्यासारखं. मी हात लावून बघितला. खालची माती भाजलेल्या कौलासारखी टणक लागली.

मला आनंद व्हायला हवा होता. मी रिकामी बरणी उजेडाला धरून तिथेच उभी राहिले. सवयीनं.

क्विस्टला फोन केला. तो ताबडतोब आला, सगळं बघितलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"हे चांगलं नाही?" मी विचारलं.

"पाणी वाढताना झिरपा कमी होत नाही, बाई. निचऱ्याची वाट कुठेतरी तुंबली असेल तर आत दाब धरतोय. तसं असेल तर हे कुठूनही फुटेल, आणि सांगून फुटणार नाही." तो घाम पुसत होता. "चाक उघडा. आजच."

"मी चाकाला हात लावला तर मी मालक."

"मला माहीत आहे तुमचा वकील काय म्हणतो ते. मी सोमवारी कोर्टाचा हुकूम घेऊन येतो आणि स्वतः उघडतो. तोवर बहिणीला तिथून हलवा."

४

त्याला वाटेला लावून मी माथ्यावर चढले. माथ्यावरून बैलगाडीभर रुंदीची कच्ची वाट आहे, तिच्यावर पिठासारखी बारीक धूळ असते. त्या धुळीत खुरांचे ठसे होते. दोन बोटांचे, लहान, एकावर एक असे दाटलेले की धुळीचा कणही सुटलेला नव्हता. सगळे एकाच दिशेनं गेलेले.

हरणं असतील, मी स्वतःला सांगितलं. इकडे हरणांचे कळप येतात. पण हरीण अशी रांग धरून चालत नाही, आणि माझं बालपण मेंढरांमागे गेलंय. खूर ओळखायला मला चष्मा लागत नाही. लेंडी मात्र एक नव्हती. कुंपणाच्या तारेला लोकरीचा एक धागा नव्हता. वास तेवढा होता, भिजलेल्या लोकरीचा. वारा सुटला तरी तो वास हलत नव्हता.

थेनला बोलावून आणलं. तो आधी यायला तयार नव्हता. मी म्हटलं, बघायला ये, चाकाला शिवू नकोस, मी तुझे हात धरून ठेवते हवं तर. तो आला, वाकला आणि खुरांच्या मागे मागे चालत गेला. धरणाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन परत आला, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर नेहमीचा तोरा नव्हता.

"कुणाची मेंढरं म्हणायची ही?" मी विचारलं.

"चढली कुठून ते सांग आधी." तो हळू बोलत होता. "दोन्ही टोकांना वाटेवर मऊ चिखल आहे. तिथे एक ठसा नाही. वर आलेली नाहीत, खाली उतरलेली नाहीत. नुसती इथेच आहेत."

आम्ही दोघं चाकापाशी उभे होतो. चाकाच्या चबुतऱ्याभोवती खूर नव्हते. तिथे बुटांचे ठसे होते, माणसांचे. पूर्वी हजेरीला आम्ही उभे राहायचो तशी ओळ, टाचा आमच्याकडे, चवडे पाण्याकडे. थेननं त्यांच्यातला पहिला ठसा बघितला, मग स्वतःचा पाय बघितला. पहिली जागा त्याच्या घराची. त्यानं पाऊल उचलून त्या ठशाशेजारी ठेवलं आणि चटका बसावा तसं मागे घेतलं.

"डेल्फा, मी आज इथे आलोच नव्हतो," तो म्हणाला.

"नाही आलास. जा घरी."

५

आफ्टनकडे गेले तेव्हा ती पावाचं पीठ मळत होती. भर दुपार, खिडकीत ऊन. मी सांगायला तोंड उघडलं आणि थांबले, कारण फळीवरचे कप वाजत होते. एकमेकांना लागून बारीक किणकिण, अखंड. जमिनीवर पाय घट्ट रोवले तर तळव्यांना कळत होतं. धरणाच्या बाजूच्या भिंतीला मी हात लावला. आतून कुणी कणीक तिंबतंय असं दबदब, दबदब.

"कधीपासून हे?"

"बैठकीनंतर सुरू झालं. आधी लांब होतं." आफ्टननं पिठाच्या हातानं केस मागे सारले. "पहिल्यांदा भ्याले मी. मग सवय झाली. बरं वाटतं गं, ताई. कुणीतरी काम करतंय असं वाटतं."

"कोण काम करतंय? अगं, वर कुणी नाहीये."

"तेच म्हणते मी. वर कुणी नव्हतं म्हणून तर."

मला तिचा राग आला. लहानपणापासून ही अशीच, अंधाऱ्या तळघरात सगळ्यात आधी हीच उतरायची. मी तिला म्हटलं, पिशवी भर आणि माझ्याकडे चल, इंजिनिअरनं सांगितलंय. ती म्हणाली, तुझ्या घराला बारा पायऱ्या आहेत आणि तुझ्या कोकोत साखर नसते. मी हात जोडले. ती हसली, मग एकदम गंभीर झाली.

"एक विचारू? तू रागावू नकोस. तू हजेरी कशाला घेतेस रोज?"

"कसली हजेरी?"

"सकाळी, तू बरणी भरून गेलीस की थोड्या वेळानं. मी ऐकते ना खिडकीतून. तू वरून नाव पुकारतेस आणि ज्याचं नाव तो ओ देतो. पहिल्या दिवशी थेन होता. मग व्हर्ल क्रूक्स. रोज एकच नाव, पण ओळीनं, बाबा घ्यायचे त्याच ओळीनं. मला वाटलं तुम्हाला उपरती झाली, एकेक जण गुपचूप येऊन धरतोय."

"आफ्टन, मी बरणी ओतली की सरळ घरी जाते."

तिचे हात पिठात थांबले. कप वाजत राहिले.

"तुझाच आवाज होता, ताई," ती म्हणाली. "तुझा आवाज मी चुकेन का?"

किती नावं झाली, मी विचारलं. आज सकाळी म्हाताऱ्या हेबरचं झालं, ती म्हणाली. हेबर आमच्या ओळीत शेवटून दुसरा. त्याच्यानंतर फक्त माझं नाव उरतं.

६

घरी जाऊन दार लावून बसले असते तर बरं झालं असतं, पण मला कुणाशी तरी बोलायचं होतं. पोस्टाच्या दाराशी थेन पाठमोरा उभा होता, त्याची बायको मर्लीन शेजारी. मी हाक मारली, "थेन." तो हलला नाही. ऐकायला कमी येतं का याला, असं वाटून मी जवळ जाऊन पुन्हा हाक मारली. तो समोरची पाटी वाचत होता. मर्लीननं माझ्याकडे असं बघितलं की मी तिसरी हाक गिळली. तिनं त्याच्या दंडाला हात लावला, तेव्हा तो वळला आणि माझ्याशी नीट, ओळखीचं हसला.

"कुणाला शोधतेयस?" त्यानं विचारलं.

"तुलाच हाक मारत होते."

"मला? मला नाही ऐकू आली." तो मनापासून सांगत होता. "तू कुठलं तरी नाव घेतलंस."

मर्लीन मला बाजूला घेऊन गेली. "कान तपासले," ती कुजबुजली. "कान उत्तम आहेत. घड्याळाची टिकटिक ऐकतो, उंदीर ऐकतो. फक्त नावाला ओ देत नाही. व्हर्लच्या घरी पण तसंच आहे. डेल्फा, हे काय असेल गं?"

वय असेल, मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गाडीपर्यंत जाताना मी स्वतःचं नाव मनात घोळवत होते, कुलूप लावलंय का ते पुन्हापुन्हा ओढून बघतात तसं.

७

दुसरा दिवस रविवार. पहाटेपासून वारा सुटला आणि तळ्याच्या लाटा धरणावर आपटायला लागल्या. सांडव्याच्या तोंडाला पाणी लागलं होतं आणि तो सांडवा किती पाणी पेलेल याची मला खात्री नव्हती. क्विस्टला फोन लावला. तो म्हणाला, मी हुकुमाची वाट बघत नाही, निघालो, पण खिंडीत दरड आलीय, दुपार होईल. सगळं गाव चर्चमध्ये होतं. आफ्टनच्या धुराड्यातून धूर निघत होता. दार ठोठावून तिला निघायला सांगितलं तर म्हणाली, तू वर जाशील तर मी खिडकीत बसते, मला घाबरायला येत नाही.

मी माथ्यावर चढले. पायाखालची धूळ गेली होती. वाट दगडासारखी घट्ट, गुळगुळीत झाली होती, माझ्या बुटांचा ठसा उमटत नव्हता. मनात आलं, हे धरण आता फुटणार नाही. कुणीतरी याला दाबून दाबून नवं केलंय. क्विस्ट चुकला असेल, मी परत फिरावं. पण लगेच दुसरा विचार आला, की ज्यांनी दाबलंय त्यांचं हे झालं, आणि त्यांना आफ्टनचं काय? त्यांना ती कोण लागते? ते पाणी राखतील. चाक मात्र कधीच उघडणार नाहीत, पाणी चढत राहील, आणि एक दिवस सांडव्याच्या बाजूची माती घेऊन ते आईच्या घरावर उतरेल. एवढं साधं होतं. चाक फिरवायला हात हवा होता, माझा किंवा कुणाचा, आणि तो हात ज्याचा त्याचं शेत जाणार होतं.

चाक लोखंडाचं. वाऱ्यात ते गार असायला हवं होतं. हात लावला तर कोमट होतं, आत्ताच कुणीतरी सोडून गेल्यासारखं.

आणि मग वाट जिथे डोंगराला भिडते त्या टोकाकडून मला माझा आवाज ऐकू आला. माझा हजेरीचा आवाज, जरा चढा, शेवटचं अक्षर लांबवणारा. त्यानं माझं नाव पुकारलं.

वडील म्हणायचे, घेतलेलं नाव मोकळं राहता कामा नये. ते मोकळं राहिलं तर कुणीतरी भरतं, हे मला त्या क्षणी समजलं. शेत डोळ्यांपुढे आलं, मग खिडकीतली आफ्टन आली, पिठानं भरलेल्या हातांची. मी म्हटलं, "ओ, धरलंय."

दोन आवाज झाले. माझ्याबरोबर आणखी एक, अगदी बरोबर. मी आधी होते की तो, ते मला सांगता येणार नाही. मी त्यावर पुष्कळ विचार केलाय.

मी तिकडे बघितलं. बघायला नको होतं. तुषारांच्या धुक्यात माथ्यावर ओळ उभी होती, टोप्या घातलेल्या माणसांची, पाण्याकडे तोंड करून. पाठी ओळखीच्या वाटत होत्या. त्यांच्या पायांशी काहीतरी बुटकं, करड्या रंगाचं, दाटीनं हलत होतं. ओळीच्या शेवटी एक बाई होती. तिनं एक हात उंच केला होता आणि हातात काच चमकत होती. ती बरणी उजेडाला धरून बघत होती.

मी डोळे मिटले आणि चाक ओढलं. पहिला फेरा हाडांतून गेला. मग धरणाच्या पोटातून दांडा करकरला, दार उचललं गेलं आणि खाली बोगद्याच्या तोंडातून पाणी उसळल्याचा आवाज आला. दुपारी क्विस्टनं येऊन माझे हात चाकावरून सोडवले. तोवर मी मागे वळून बघितलं नव्हतं. तो म्हणाला, इथे तुमच्याशिवाय कुणी नाही, बाई, उतरा खाली.

८

तळं उतरलं. आफ्टनचं घर जागच्या जागी आहे. क्विस्टनं नंतर यंत्रं आणून भराव तपासला. निचऱ्याची वाट कुठे तुंबलेली नव्हती, आत दाब नव्हता, ओल नव्हती. इतका घट्ट भराव मी नव्या धरणातही बघितला नाही, असं तो म्हणाला, आणि हे सांगताना तो खूश दिसत नव्हता. मालक म्हणून माझी सही झाली. बाकीच्या दहांपैकी कुणी हरकत घेतली नाही. शेताची वाटाघाट सरकारशी चालू आहे. जाईल तेव्हा जाईल. पाणी मात्र मी सगळ्यांना पाळीनं देते, पहिल्यासारखं. पाळीचा निरोप द्यायला माणूस पाठवावा लागतो, एवढंच. त्या दहा घरांत आता कुणी कुणाला नावानं हाक मारत नाही. "अहो" म्हणतात, नाहीतर जवळ जाऊन हात लावतात. सवय होते.

मला वाटत होतं मी वाचले. कुणी माझं नाव घेतलं की मला ते ऐकू येतं. क्विस्ट मला डेल्फाबाई म्हणतो आणि मी वळते. पण हे सगळं खोऱ्याच्या खालच्या बाजूला, शहरात, धरणापासून लांब.

मागे एका सकाळी मी पायथ्याशी गेले. झिरपा अजून कोरडाच आहे, तरी मी जाते आणि रिकामी बरणी उजेडाला धरते. आफ्टन ओसरीत आली होती. जन्मभर तिनं मला ताईखेरीज दुसरं काही म्हटलं नाही, पण त्या दिवशी तिला चेष्टा सुचली. मालकीणबाईंना नावानं बोलवावं म्हणाली, आणि कमरेवर हात ठेवून तिनं मोठ्यानं हाक मारली, "डेल्फा."

मी तोंड उघडलं. ओ वरून आली. माथ्यावरून, चाकाच्या बाजूनं, माझ्या आवाजात, लांबलचक आणि आनंदात.

आफ्टननं वर बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी दहा पावलांवर उभी होते, बरणी हातात, आणि तिनं काय हाक मारली ते मला आठवत नव्हतं. कुठलं तरी नाव होतं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. ती पाय ओढत ओसरीच्या पायऱ्या उतरली, माझ्याजवळ आली, माझं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि म्हणाली, "ताई?"

"ओ," मी म्हटलं.

ती रडायला लागली. मी तिचे डोळे पुसले आणि सांगितलं की एवढं एक नाव अजून माझं आहे, ते तिनं या घरात, या अंगणात कधी मोठ्यानं घेऊ नये. तेव्हापासून ती मला हाक मारत नाही. काम असलं की उठते, पाय ओढत माझ्यापर्यंत येते आणि कानाशी तोंड आणून हळूच म्हणते.